भूल उतरेपर्यंत बुलडॉगजवळ माणूस हवा

प्रति,
माननीय पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : आखूड नाकाच्या कुत्र्यांना भूल देताना किमान सोयी बंधनकारक करण्याबाबत

सादर नमस्कार.

सोलापूरहून पशुसंवर्धन खात्याला पत्र आलं, तर ते खिलार बैलांबद्दल नाहीतर पंढरपुरी म्हशींबद्दल असणार, असा कोणाचाही समज होईल. लम्पीच्या साथीत तुमच्या डॉक्टरांनी गोठ्या-गोठ्यांत काय धावपळ केली, तेही आम्ही पाहिलं आहे. अशा वेळी कुत्र्याची तक्रार घेऊन येणं काहींना श्रीमंती चोचले वाटतील. पण जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागांत संध्याकाळी चक्कर मारली, तर बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, पग ठिकठिकाणी दिसतात. हप्त्यावर गाडी घेणाऱ्यांच्या घरीही आहेत. आजारी पडले की त्यांना याच शहरातल्या टेबलावर भूल द्यावी लागते.

मी माणसांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये टेक्निशियन आहे. भूलतज्ज्ञांच्या बाजूला उभं राहून नळ्या, सक्शन, मॉनिटर सांभाळणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे जनावरांच्या दवाखान्यात गेलं की माझी नजर आधी टेबलाच्या डोक्याशी काय काय ठेवलंय तिकडे जाते. बहुतेक वेळा तिथे काहीच नसतं.

बुलडॉगचं तोंड माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करून चपटं केलं. हाड आखूड झालं, आतलं मांस मात्र तेवढंच राहिलं. नाकपुड्या चिरेएवढ्या, टाळूचा मऊ पडदा लांबून घशात लोंबणारा, जीभ जाड आणि श्वासनलिका अंगाच्या मानाने अरुंद. जागा असताना हा प्राणी घशाचे स्नायू ताणून कसाबसा वाट उघडी ठेवतो. गुंगीच्या इंजेक्शनने पहिल्यांदा हेच स्नायू सैल पडतात. म्हणून 'पूर्ण भूल नाही, नुसतं थोडं झोपवतोय' हे वाक्य बुलडॉगच्या बाबतीत दिलासा देणारं नाही. पूर्ण भूल दिली तर निदान घशात श्वासाची नळी असते. नुसत्या गुंगीत बहुधा तीही नसते.

आपल्याकडे सगळ्यात सहज हाताशी असतं ते झायलाझिन हे गुंगीचं औषध. गुरांवर काम करणाऱ्या डॉक्टरांचा तो उजवा हात. घोड्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्याच्या डोसातही गाय-बैल त्याने शांत होतात. कुत्र्यात मात्र त्याने उलटी होऊ शकते, हृदयाचे ठोके मंदावतात. बुलडॉगचे ठोके भुलीत तसेही पटकन उतरतात, आणि अन्न वर येण्याची खोडही त्याला असतेच. गुंगीत वर आलेलं अन्न श्वासनलिकेत गेलं, तर पुढे न्यूमोनिया. औषध वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. ते दिल्यावर जनावराकडे कोण बघतं, एवढंच मी विचारते आहे.

माझ्या बहिणीच्या कुत्र्याचे, टायसनचे, कान सुजले होते. हात लावू देईना, म्हणून एका खाजगी दवाखान्यात त्याला गुंगी दिली, कान साफ केले आणि 'तासाभरात उठेल, घेऊन जा' असं सांगितलं. मे महिना, भर दुपार, रिक्षा. बहिणीच्या मांडीवर त्याची मान छातीकडे दुमडली होती. घोरणं वाढत वाढत गेलं आणि एकदम थांबलं. बहिणीला वाटलं, चला, शांत झोपला. मी ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या जांभळट. मान सरळ केली, रुमालाने धरून जीभ बाहेर ओढली, पालथं केलं, तेव्हा पुन्हा घरघर सुरू झाली. ती घरघर ऐकून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. रिक्षा परत वळवली. दवाखान्यात ऑक्सिजनचा सिलिंडर होता, पण तो उघडायची चावी सापडेना. टायसन वाचला. डॉक्टरही काही निर्दयी नव्हते. बाहेर रांग, आणि हाताखाली एकच पोरगा.

आमच्याकडे पेशंट शुद्धीवर येऊन हाकेला ओ देईपर्यंत त्याला कोणी एकटं सोडत नाही. बुलडॉगला तर हे जास्तच लागू आहे, कारण त्याचा धोका भूल देताना जितका, तितकाच ती उतरताना असतो. जाणकार पशुवैद्य आधी काही मिनिटं मास्कने ऑक्सिजन देतात. नळ्या दोन-तीन मापांच्या काढून ठेवतात, कारण पंचवीस किलोच्या लॅब्रॅडॉरला बसणारी नळी तेवढ्याच वजनाच्या बुलडॉगला बसेल असं नाही. शेवटी कुत्रा पोटावर, मान उंच, आणि तो गिळायला, नळी चावायला लागेपर्यंत नळी काढत नाहीत. गंमत म्हणजे बुलडॉग जागा झाला तरी नळी तोंडात ठेवून निवांत पडून राहतो. तेवढा मोकळा श्वास त्याला एरवी कुठे मिळतो?

1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने डॉक्टरांची नोंदणी होते, ते योग्यच. पण भूल देणाऱ्या टेबलाशेजारी किमान काय असावं, हे सोलापुरातल्या एकाही दवाखान्यात लिहून लावलेलं मी तरी पाहिलेलं नाही. माझी मागणी महागड्या यंत्रांची नाही. चालू ऑक्सिजन, जिभेला लावता येणारा पल्स ऑक्सिमीटर, नळ्या, सक्शन आणि कुत्रं मान उचलून धरेपर्यंत त्याच्याजवळ बसणारा एक माणूस. हे जिथे नाही, तिथे आखूड नाकाच्या कुत्र्याला गुंगीसुद्धा देऊ नये, असं परिपत्रक खात्याने काढावं. त्यासोबत मालकाच्या सहीचं मराठी संमतीपत्र असावं, ज्यात घरी कधी न्यायचं आणि वाटेत काय बघायचं हे लिहिलेलं असेल. खाजगी दवाखान्यांवर हे खात्याकडून लादता येणार नसेल, तर राज्य पशुवैद्यक परिषदेमार्फत करा. सुरुवात सोलापूरच्या सरकारी सर्वचिकित्सालयातल्या एका टेबलापासून केली तरी चालेल.

एक भीती मात्र आहे. असलं काही वाचून लोक उलट टोकाला जातात. पू झालेला दात, गाठ, गर्भाशयाचा संसर्ग, सगळं 'नको, भूल सोसणार नाही' म्हणून अंगावर काढतात. बुलडॉगच्या माद्यांची बाळंतपणं तर बहुतांशी सिझेरियननेच होतात. ती टाळून कसं चालेल? नाकपुड्या आणि टाळू मोकळे करायच्या शस्त्रक्रियेलाही भूल लागतेच. म्हणजे भूल द्यायचीच आहे, नीट द्यायची आहे. आणि पिल्लू विकणाऱ्याने हा खर्च गिऱ्हाइकाला आधी सांगावा. 2017 च्या श्वानप्रजनन नियमांनुसार ब्रीडरला नोंदणी सक्तीची आहे. ती तपासायला कोणी गेलं तर हेही विचारून यावं.

आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर जातो. धापा टाकून अंग थंड करणाऱ्या आणि धापाच नीट न टाकता येणाऱ्या या प्राण्याला तेव्हा दुपारी गुंगी देणं म्हणजे दुहेरी संकट. ठरवून करायच्या शस्त्रक्रिया उन्हाळ्यात सकाळी लवकर घ्याव्यात, एवढी ओळ परिपत्रकात जरूर असू द्या, आणि ते मार्चच्या आत निघावं ही विनंती.

आपली नम्र,
एक ओ.टी. टेक्निशियन, जुळे सोलापूर