भट्टीवाल्या चाचांना, नाताळच्या निमित्ताने

प्रिय चाचा,

सलाम.

नगरला आमच्या गल्लीत तेव्हा एकाही घरी ओव्हन नव्हता. तरी नाताळला घरोघरी केक असायचा, कारण तुमची भट्टी होती. मोठी माणसं भाजणावळ द्यायची आणि तिथेच तुमचे आभार मानायची. मी तेव्हा लहान होते. माझ्या वाटणीचे आभार आज मानते, सगळ्यांसमोर.

नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आमचा आगमनकाळ. दर रविवारी संध्याकाळी घरी एक मेणबत्ती वाढायची, आजोबा बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातला उतारा वाचायचे, मग पेटीवर रेव्हरंड टिळकांचं एखादं भजन. पण आमच्या घरी या रविवारांना कामंही नेमून दिलेली असत. भिंती झाडायच्या, कामट्या आणि पतंगी कागद आणून चांदणी करायची, मनुका निवडायच्या, संत्र्याची साल बारीक चिरायची. करंज्या-चकल्या स्टोव्हवर होऊन जात. केक मात्र शेवटी, आणि तो तुमच्याकडेच.

पाव घ्यायला आले की तुम्ही विचारायचात, "कौनसा इतवार हुआ, बेटा?" हा हिशोब आम्हा मुलांचा चुकायचा, तुमचा कधीच नाही. त्यावरूनच तर तुम्ही सरपण मागवायचात.

केक भट्टीत टाकणं सोपं नसतं, हे मी तुमच्या दारात उभं राहून शिकले. लाकडं जळून गेली की निखारे बाजूला सारायचे. पहिल्या कडक आचेत पाव. ती उतरली की नानकटाई. आणखी उतरली की आमचे डबे. तुम्ही आत चिमूटभर मैदा फेकायचात. तो लगेच काळा पडला तर "अभी रुको". हळूहळू तांबूस झाला की लांब दांड्याच्या फळीवरून डबे आत. मधला भाग कच्चा राहू नये म्हणून डबे मागेपुढे फिरवत तुम्ही भट्टीच्या तोंडाशी उभे असायचात. कुणाचे डालड्याचे, कुणाचे बिस्किटांचे, प्रत्येकावर खिळ्याने कोरलेली खूण. अदलाबदल झालेली मला आठवत नाही.

आणि 2000 सालचा तो डिसेंबर. पहिला आगमन रविवार 3 तारखेला आला, तेव्हा तुमचा रमझान सुरू झालेलाच होता. चौथा रविवार नेमका 24 डिसेंबरला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी नाताळ. एरवी दोन-तीन दिवसांत वाटली जाणारी गर्दी एका दिवसावर येऊन पडली. रमझानमुळे तुमच्याकडची पावाची मागणीही वाढलेली. मोठ्या माणसांत कुजबुज चालली होती की यंदा चाचांना त्रास नको, केकशिवाय नाताळ करू.

तुम्ही निरोप धाडलात: इफ्तारनंतर डबे घेऊन या, भट्टी तुमचीच आहे.

त्या संध्याकाळी रांगेतल्या आम्हा पोरांच्या हातावर तुम्ही आधी खजूर ठेवलेत. तुम्ही स्वतः दिवसभर पाण्याशिवाय त्या धगीपुढे होतात. मग नमाजाला जाऊन आलात आणि बाह्या सरसावून आमच्या डब्यांना लागलात. जळक्या साखरेचा, लोण्याचा, संत्र्याच्या सालीचा वास गल्लीभर झाला. रात्री उशिरा केक घेऊन घरी पोचलो, तेव्हा आई रडत होती. का, ते मला आई झाल्यावर कळलं. त्याच आठवड्यात ईद आली. तुमच्याकडून शीरखुर्मा आला, आमच्याकडून केक गेला.

लोक सलोख्यावर भाषणं देतात, ती मी ऐकते. पण मला आठवतात ते तुमचे राखेने माखलेले हात. तुम्ही ते काम केलंत म्हणून आमचा सण झाला. माझ्या बालपणातलं सगळ्यात मोठं देणं ते आहे, असं मी मनापासून मानते.

आता तुमची बेकरी तिथे नाही आणि तुम्ही कुठे राहायला गेलात, ते गल्लीत कुणाला ठाऊक नाही. म्हणून हे पत्र असं उघडं लिहिते. तुमच्यापैकी कुणीही वाचलं, मुलगा, सून, नातवंडं, तर यंदा नाताळच्या दुपारी आमच्याकडे जेवायला या. मटण तुमच्या खात्रीच्या दुकानातूनच आणू. केक मी करते आहे, आईच्याच मापाने.

तुमची,
तिसऱ्या घरातली थोरली