क्लाउडवरचा बॅकअप डिलीट कोण करू शकतं, ते आधी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोलापुरात टॉवेल-चादरीचे कारखाने घ्या, हॉस्पिटलं घ्या नाहीतर सीएंची ऑफिसं, बऱ्याच ठिकाणी हिशेब, बिलिंग, पेशंटचं रेकॉर्ड सगळं व्हर्च्युअल मशीनवर (म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेल्या कॉम्प्युटरवर) आलंय आणि 'आमचा बॅकअप क्लाउडला जातो की' म्हणून मालक निवांत असतात. मी हेच काम करतो, म्हणून कळकळीने लिहितोय.

सर्व्हरच्या रॅकला कागद चिकटवलेला, त्यावर ॲडमिनचा पासवर्ड, आणि क्लाउडच्या बॅकअपलाही तोच पासवर्ड, हे मी अजूनही बघतो. रॅन्समवेअरवाले (डेटा लॉक करून खंडणी मागणारे हॅकर) आत शिरले की आधी बॅकअप शोधून उडवतात आणि मग मशीन लॉक करतात, त्यामुळे चावी एकच असेल तर बॅकअप असून नसल्यासारखाच. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर असेच बंद पडले आणि कितीतरी दिवस ओपीडीचं काम हाताने लिहून चाललं. म्हणून बॅकअपचं अकाउंट वेगळं ठेवा, त्याला मोबाईल ओटीपी नाहीतर ऑथेंटिकेटर ॲप लावा, आणि ऑब्जेक्ट लॉक (मुदतीआधी फाईल डिलीट होऊ न देणारी सोय) चालू करा. ॲमेझॉनच्या एस-थ्री या क्लाउड स्टोरेजमध्ये त्याचा कंप्लायन्स मोड आहे, त्यात ठरवलेली मुदत संपेपर्यंत रूट युजरला, म्हणजे अकाउंटच्या मुख्य मालकालासुद्धा फाईल उडवता येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युरमध्येही अशी सोय आहे. फक्त पहिल्यांदा एक-दोन दिवसांचीच मुदत टाकून बघा, कारण चुकून दहा वर्षं टाकली तर मागे घेता येत नाही आणि बिल चालूच राहतं.

आणि स्वस्त म्हणून सरळ आर्काइव्हमध्ये (क्वचित लागणाऱ्या डेटाच्या स्टोरेजमध्ये) टाकू नका हो! ॲमेझॉनच्याच ग्लेशियर डीप आर्काइव्हचा दर फार कमी आहे हे खरं, पण डेटा परत मागितला की नेहमीच्या पद्धतीने १२ तासांपर्यंत थांबावं लागतं, आणि १८० दिवसांच्या आत डिलीट केलं तरी पूर्ण १८० दिवसांचे पैसे लागतात. कारखाना बंद पडलाय आणि आपण फाईल यायची वाट बघत बसलोय, हे परवडतं का? महिन्याभराचे बॅकअप साध्या स्टोरेजमध्ये ठेवा, जुने वर्षाचे तेवढे आर्काइव्हला. डेटा बाहेर काढायचेही वेगळे पैसे पडतात, ते कोटेशनमध्ये विचारून घ्या.

मशीन क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये (तिथल्या डेटा सेंटरमध्ये) असेल तर एक कॉपी हैदराबादला ठेवा. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचे मशीन आणि बॅकअप दोन्ही गेले. आणि कंपनी असेल तर २०२२ च्या नियमांप्रमाणे हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर लागतो, सिंगापूर स्वस्त पडतं म्हणून चालत नाही.

एन्क्रिप्शन (चावीशिवाय डेटा वाचता येणार नाही असं करणं) कराच, पण त्याची चावी त्याच सर्व्हरवर ठेवू नका, ती चावी गेली तर कुणीही डेटा उघडून देऊ शकत नाही.

सगळ्यात दुर्लक्ष होतं ते रिस्टोअरकडे, म्हणजे बॅकअपवरून मशीन परत उभं करण्याकडे. ५०० जीबीचं मशीन ५० एमबीपीएसच्या लाईनवर खाली उतरवायला साधारण २२ तास लागतात, हा हिशेब कुणी आधी करतच नाही. दर तीन महिन्यांनी एक मशीन खरंच परत उभं करा, त्यात लॉगिन होतंय का, कालचं बिल दिसतंय का ते स्वतः बघा, व्हेंडरच्या हिरव्या टिकवर जाऊ नका. इथल्या व्यापारी आणि डॉक्टरांच्या संघटनांनी सभासदांसाठी असं एक प्रात्यक्षिक ठेवावं, शिकवायला मी आणि माझ्यासारखे बरेच जण एका पायावर तयार आहोत.

आपला,
एक सिस्टीम ॲडमिन, होटगी रोड, सोलापूर