जांभळी फीत आणि दादाचा पट्टा

प्रिय शिऱ्या,

तुझा निरोप मिळाला. नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार हा स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा जागतिक दिवस, त्या दिवशी तुला दहा मिनिटं बोलायचंय आणि मजकूर मी लिहून द्यायचा. जांभळ्या फिती वाटणार आहात म्हणे. वाटा की. पण फीत लावून घरी गेलेल्या माणसाला नेमकं काय कळलेलं असेल, यावर मी दोन दिवस अडलोय.

आधी ते ‘वेळीच तपासणी करा, जीव वाचवा’ खोडून टाक. काहीच त्रास नसलेल्या सर्वसामान्य माणसाने ठरावीक काळाने करून घ्यावी अशी या रोगाची तपासणीच नाही. सीए १९-९ म्हणून रक्ताची तपासणी आहे, पण साध्या पित्तनलिकेच्या अडथळ्यातही तो आकडा चढतो आणि काही जणांत कॅन्सर असूनही चढत नाही. सोनोग्राफीचंही तसंच. स्वादुपिंड जठराच्या मागे, पार कण्याच्या बाजूला दडलेलं. मध्ये गॅस आला की दिसतच नाही.

दादाचं तुला कधी सलग सांगितलं नाही. छप्पन्नाव्या वर्षी त्याला अचानक शुगर निघाली. घरात कुणाला नाही, अंगाने मुळातच सडसडीत. गोळ्या सुरू झाल्या, पहाटेचं चालणं सुरू झालं, वजन उतरायला लागलं. वहिनीने खिळा तापवून त्याच्या पट्ट्याला नवं भोक पाडलं. दीड महिन्याने आणखी एक. आम्ही सगळे खूश! मीच त्याला म्हणालो होतो, ‘लग्नातला सूट काढ आता, होईल.’ तो पट्टा माझ्याकडे आहे. कारखान्यातली भोकं गुळगुळीत, ही दोन कडेने जळून काळी.

मग पाठ दुखायला लागली. रात्री उताणं झोपवेना, उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसायचा. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या, मलम झालं. डोळे पिवळे झाले, लघवी गडद, शौच पांढुरकं आणि अंगाला कमालीची खाज, तेव्हा कुठे सीटी स्कॅन झाला. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याशी होती, पित्तनलिका दाबली गेली होती. यकृतातही डाग होते. ऑपरेशनचा विषय तिथेच संपला. निदान होतं तेव्हा शंभरातल्या जेमतेम पंधरा-वीस जणांनाच ते शक्य असतं, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे केमो, आणि अकरा महिने.

मी डॉक्टरांवर खापर फोडत नाही. शुगर हजारोंना होते, पाठ सगळ्यांचीच दुखते. सुटं सुटं पाहिलं तर यातलं काहीच घाबरण्यासारखं नव्हतं. बेरीज कुणी केली नाही, आणि ती आम्ही घरच्यांनी करायला हवी होती. कारण दोन्ही भोकं आमच्यासमोर पडली होती. तुझ्या दहांपैकी सात मिनिटं यालाच दे. पन्नाशीनंतर नव्याने आलेली शुगर आणि त्यासोबत उगाच घटणारं वजन, हे दोन्ही डॉक्टरांना एका दमात सांगायचं. कावीळ दुखत नाही म्हणून घरगुती उपायांवर दिवस काढायचे नाहीत. मात्र लोकांना घाबरवू नकोस. पन्नाशीनंतर नव्याने शुगर झालेल्या शंभरांत जेमतेम एकाला पुढच्या तीनेक वर्षांत हा कॅन्सर निघतो.

कुणीतरी उठून म्हणेलच की स्टीव्ह जॉब्स आठ वर्षं जगला. त्याचा प्रकार वेगळा होता, न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे स्वादुपिंडातल्या हार्मोन बनवणाऱ्या पेशींचा. तो सहसा सावकाश वाढतो. दादाचा तो नेहमीचा, स्वादुपिंडाच्या नलिकेतून उगवणारा. आणि सिगारेट! दादा तीस वर्षं ओढायचा. आम्हाला भीती फक्त फुप्फुसांची. हिचा स्वादुपिंडाशी संबंध आहे हे घरात कुणाच्या गावीही नव्हतं. आनुवंशिक तपासणीचं मी स्वतः टाळत होतो, पुढच्या आठवड्यात रक्त देऊन येतोय.

आता खरं कारण, ज्यासाठी फोन न करता पत्र लिहायला बसलो. मागे तू बोलता बोलता म्हणालास, सासऱ्यांची शुगर एकदम बिघडली, पण ‘पथ्य छान पाळतायत, बारीक झालेत’. शिऱ्या, किती किलो ते विचार. किती दिवसांत, तेही. बहुधा काही नसेलच. पण भाषणाची वाट पाहू नकोस, रविवारच्या आत विचार आणि मला कळव.

तुझाच,
दिन्या