सासूबाईंच्या कानाला स्टेथोस्कोप लावणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

तोंडाने सांगायला गेले असते तर नौपाड्यातल्या तुमच्या दवाखान्यात चारचौघांत रडू फुटलं असतं, म्हणून लिहितेय.

मुलगा बालवाडीत जायला लागल्यापासून आमच्या कळव्याच्या घरात एक खटला चालू होता आणि आरोपी मी. केळं दिलं, दही दिलं, डोकं नीट पुसलं नाही. शेवटी "हे तुझ्या माहेरचंच", कारण माझ्या वडिलांना दमा. पावसाळ्यात भिंतींना ओल धरायची, साधी सर्दी झाली तरी पोराची छाती वाजायची आणि रात्रभर मी त्याला खांद्यावर घेऊन बसायची.

आधीच्या डॉक्टरांनी 'दमा' हा शब्द कधी काढलाच नाही. अँटिबायोटिक, खोकल्याचं औषध, "प्रतिकारशक्ती कमी आहे" म्हणून आणखी एक सिरप. श्वासातून औषध घ्यायच्या पंपाचं विचारलं तर "सवय लागेल". दुसऱ्या एकांनी पोराची छाती न तपासताच जनुकीय चाचणीचं महागडं पॅकेज पुढे केलं. राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू?

तुम्ही त्याला तपासलंत आणि मग स्टेथोस्कोप काढून सासूबाईंच्या कानाला लावलात. "आजी, ऐका. ही शिट्टी केळ्याची नाही." सासूबाई बराच वेळ ऐकत राहिल्या. बाहेर गर्दी होती, तरी तुम्ही घाई केली नाहीत. औषधांनी पोराला आराम पडला. मला आराम पडला तो त्या मिनिटात.

पुढचं सगळंही तुम्ही त्यांच्याकडेच बघून सांगितलंत. याची प्रतिकारशक्ती कमी नाही, भलत्या दिशेने जास्त धावते. म्हणून श्वासनलिका सुजतात आणि आवळतात. सतराव्या गुणसूत्राच्या एका भागातल्या फरकांचा लहानपणीच्या दम्याशी संबंध २००७ साली दिसला. २०१३ मध्ये कळलं, की ज्या मुलांची छाती लहानपणी ऱ्हायनोव्हायरसच्या, म्हणजे साध्या सर्दीच्या, संसर्गात वाजते त्यांच्यात हा संबंध विशेष ठळक असतो. "असे फरक सर्रास असतात, आजी. तुमच्यातही असतील, माझ्यातही. मूल दोन्ही घरांकडून घेतं, आणि नुसत्या फरकाने दमा होत नाही."

मग तुम्ही गोठ्याची गोष्ट काढलीत. युरोपातल्या शेतकरी कुटुंबांतल्या बाळांवरचा अभ्यास, २०१६ चा: गुरांच्या गोठ्यात वावरलेल्या बाळांत, ज्यांच्याकडे तोच जोखमीचा फरक होता त्यांची छाती उलट कमी वाजली. सासूबाईंचं माहेर सातारकडचं, दारात गोठा. त्या दिवसापासून इमारतीतल्या प्रत्येकीला "आमच्या गोठ्याचं शास्त्र" ऐकावं लागतंय. (आता ठाण्यात गाय कुठून आणायची, हा प्रश्न त्यांनी मलाच विचारला. तुम्ही हसून "अगरबत्ती बंद करा, तेवढं पुरे" म्हणालात. ती खरंच बंद आहे.)

चाचणीचं मी विचारलं तेव्हा तुम्ही सरळ म्हणालात, "आज तिच्या निकालाने याचं औषध बदलणार नाही. पैसे राहू द्या, स्पेसर घ्या, पंपाला लावायची ती नळी." समोरच्याच्या खिशाचा विचार करणारा माणूस अजून भेटतो, हे मी विसरत चालले होते. शिकलेली माणसं पुष्कळ असतात. आपल्याला कळलेलं दुसऱ्याच्या घरातल्या भांडणापर्यंत पोचवावं, असं वाटणारी थोडी. रिक्षावाले, शिक्षक, बँकेतला कारकून, कुणीही असो, खुर्ची जरा पुढे ओढून बोलणाऱ्याने माझं अर्धं ओझं उतरवलंय.

पंप आता सासूबाईच देतात. स्पेसर धरून मोठ्याने श्वास मोजतात, आणि नंतर चूळ भरायला लावायला विसरत नाहीत. माझ्या वडिलांना परवा त्यांनी स्वतःहून फोन केला, "तुम्ही पंप नीट घेता का?" म्हणून. बाबा जरा गडबडलेच.

पुढच्या तपासणीला मला सुट्टी मिळणार नाही, त्या एकट्या त्याला घेऊन येतील. वहीत प्रश्न लिहायला घेतलेत, दोन पानं झाली आहेत. जरा वेळ राखून ठेवा.

तुमची कायमची ऋणी,
कळव्याची एक आई