ओजीच्या पाच खुर्च्या

चि. निनाद,

अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या वार्षिकासाठी तू ओजीवर, डोटा २ या व्हिडिओ गेमच्या व्यावसायिक संघावर, लिहितोयस हे चांगलं आहे. पाठवलेला तक्ता नीट वाचला. आकडे बहुतेक बरोबर आहेत, तरी तो तसाच छापायला देऊ नकोस. सगळ्या विजयांची बेरीज तू 'ओजी' या एका नावाखाली केली आहेस. डोटा २ मध्ये संघाचं नाव सगळ्यात शेवटी बघायचं असतं. आधी बघायचं ते पाच खुर्च्यांवर कोण बसलं होतं, कुठल्या पोझिशनला (म्हणजे संघातल्या कुठल्या भूमिकेत), आणि तिथवर कुठल्या वाटेने आले.

एक दुरुस्ती लगेच कर. 'दोनदा टीआय (द इंटरनॅशनल, डोटा २ ची सगळ्यात मोठी वार्षिक स्पर्धा) जिंकणारा एकमेव संघ' हे २०१९ मध्ये खरं होतं, आता नाही. टीम स्पिरिटने २०२१ आणि २०२३ मध्ये टीआय जिंकली, टीम लिक्विडने २०१७ आणि २०२४ मध्ये. ओजीचं वेगळेपण एवढंच उरतं की लागोपाठ दोन वर्षं फक्त त्यांनी जिंकली, आणि दोन्ही वेळा खेळाडू तेच पाच. लिक्विडच्या दोन विजयांत एकही खेळाडू सामाईक नाही. स्पिरिटचे चार जण तेच होते, मिडवाला (मधल्या वाटेवर खेळणारा) बदलला होता. तिन्ही संघांच्या नावापुढे तू 'दोन' लिहिलंस तर आकडा खरा, पण वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

आता सुरुवातीपासून. ऑगस्ट २०१५ मध्ये योहान सुंडस्टाइन म्हणजे नोटेल आणि ताल ऐझिक म्हणजे फ्लाय यांनी 'मंकी बिझनेस' नावाने संघ जमवला. सोबत मिरॅकल, क्रिट आणि मूनमिएंडर. ऑक्टोबरअखेर नाव ओजी झालं आणि नोव्हेंबरात त्यांनी फ्रँकफर्ट मेजर जिंकली (मेजर म्हणजे टीआयच्या खालोखालची मोठी स्पर्धा). खुल्या पात्रता फेरीपासून खेळत आलेला संघ, मुख्य स्पर्धेत लोअर ब्रॅकेटमध्ये पडला, तिथून वर चढला आणि अंतिम सामन्यात टीम सीक्रेटला ३-१ ने हरवलं. लोअर ब्रॅकेट म्हणजे काय हे लेखात एका ओळीत सांग, कारण प्रत्येक वाचक डोटा खेळत नाही: एकदा हरलेले संघ खालच्या फळीत जातात, आणि तिथे पुन्हा हरलं की घरी. वरच्या फळीतून अंतिम फेरी गाठणाऱ्यापेक्षा खालून येणाऱ्याला बऱ्याच जास्त सिरीज (काही गेम मिळून एक सामना) खेळाव्या लागतात. दमणं हा भाग आहेच, पण मोठा तोटा वेगळा. दर सिरीजमध्ये तुमचा ड्राफ्ट (हिरोंची, म्हणजे गेममधल्या पात्रांची निवड) उघडा पडतो आणि वरचा संघ बसून तो बघत असतो.

जून २०१६ मध्ये त्याच पाच जणांनी मनिला मेजर जिंकली, लिक्विडला ३-१ ने हरवून. मग ऑगस्टमध्ये टीआय ६ ला दावेदार म्हणून गेले आणि फिलिपिन्सच्या टीएनसीने त्यांना लोअर ब्रॅकेटमध्ये २-० ने घरी पाठवलं. स्पर्धा संपल्यावर तिघे बाहेर पडले. मिरॅकल लिक्विडमध्ये गेला, क्रिट एव्हिल जीनियसेसमध्ये. नोटेल आणि फ्लाय राहिले. तुझ्या तक्त्यात इथे काहीच दिसत नाही, कारण नाव बदललं नाही. इथे जाड रेघ मार.

नव्या तिघांत ऑस्ट्रेलियाचा अनाथन फाम म्हणजे अना, फिनलंडचा जेसे वाइनिक्का म्हणजे जेरॅक्स आणि स्वीडनचा एसफोर. या संघाने डिसेंबर २०१६ मध्ये बोस्टन मेजर जिंकली, अॅड फिनेमला ३-१ ने. एप्रिल २०१७ मध्ये कीव्ह मेजर, व्हर्तुस प्रोला ३-२ ने. या दोन्ही मेजरच्या मुख्य फेरीत लोअर ब्रॅकेट नव्हता. हरला की संपलं. म्हणून 'चार मेजर' हा आकडा लिहिताना दोन आणि दोन असा फोडून लिही: संघ वेगळा, स्पर्धेची रचनाही वेगळी.

पोझिशनचा रकाना तू ठेवलेलाच नाहीस, आणि माझ्या मते खरा इतिहास तिथेच आहे. पोझिशन १ म्हणजे कॅरी, गेममधलं सगळ्यात जास्त सोनं त्याच्या वाट्याला. २ मिड, ३ ऑफलेन (कडेची अवघड वाट), ४ आणि ५ सपोर्ट. सपोर्टच्या हाती सोनं कमी येतं, आणि जे येतं त्यातलं बरंच वॉर्ड (नकाशावर नजर ठेवायला) आणि धुरावर (लपून जायला) जातं. मेजर जिंकताना नोटेल कॅरी खेळत होता आणि कप्तान फ्लाय होता. टीआय जिंकताना नोटेल कप्तान होता आणि पोझिशन ५ वर बसला होता, म्हणजे सोन्याच्या रांगेत सगळ्यात शेवटी. अना २०१७ मध्ये मिड होता, २०१८ मध्ये कॅरी. सेबास्तियन डेब्स म्हणजे सेब तर कीव्हमध्ये प्रशिक्षक होता आणि वर्षभराने ऑफलेनला खेळत होता. याला निव्वळ 'खेळाडू बदलले' म्हणता येत नाही. तीच माणसं दुसऱ्या खुर्च्यांवर बसली. कॅरीने आपली जागा दुसऱ्याला देऊन सपोर्टला जायचं, हे फार थोड्यांना जमतं. सवय तर मोडावी लागतेच, वर गेममधला मान आणि कौतुकही सोडावं लागतं.

२०१८ चा मे महिना लेखात सविस्तर यायला हवा. २०१७ च्या टीआय ७ नंतर अनाने विश्रांती घेतली होती, ओजीचा हंगाम घसरला होता, आणि मेअखेर फ्लाय व एसफोर दोघेही एव्हिल जीनियसेसला गेले. मैत्री तुटली वगैरे सगळे लिहितात, तू नियम लिही. त्या हंगामात मुदतीनंतर रोस्टर (खेळाडूंची यादी) बदललं की थेट निमंत्रणाचा हक्क जायचा आणि खुल्या पात्रता फेरीपासून सुरुवात करावी लागायची. तिथे बहुतेक सामने एकाच गेमचे असायचे. एक चुकलेला ड्राफ्ट, एकाचं तुटलेलं इंटरनेट, आणि वर्ष गेलं. उरलेले दोघे, नोटेल आणि जेरॅक्स. सेब बाकावरून खुर्चीवर आला, अना परतला, आणि मिडला टोपियास ताविट्साइनेन म्हणजे टॉपसन घेतला, ज्याला मोठ्या मंचावर खेळायचा अनुभव जवळजवळ नव्हता. हे पाच जण खुल्या फेरीतून, मग युरोपच्या पात्रता फेरीतून व्हँकुव्हरला पोचले.

टीआय ८ मध्ये १८ संघ होते, ९-९ चे दोन गट. गटातले पहिले चार वरच्या फळीत, पुढचे चार खालच्या, शेवटचा बाहेर. खालच्या फळीची पहिली फेरी एकाच गेमची, म्हणून गटात चौथं येणं आणि पाचवं येणं यात जमीन-अस्मानाचा फरक. ओजी वरच्या फळीत गेले आणि मुख्य फेरीत एकही सिरीज हरले नाहीत. वाटेत फ्लाय-एसफोरच्या एव्हिल जीनियसेसला २-१, पीएसजी एलजीडीला २-१, आणि अंतिम सामन्यात पुन्हा एलजीडीला ३-२. एव्हिल जीनियसेस तिसरे आले. म्हणजे सोडून गेलेल्यांचा निर्णय खेळाच्या हिशेबात चुकीचा ठरला असंही म्हणता येत नाही. जगात तिसरा क्रमांक लहान नसतो.

अंतिम सामन्याचा चौथा गेम सगळ्यांच्या लक्षात आहे तो सेबच्या अॅक्स या हिरोमुळे. एलजीडी २-१ ने पुढे होते, एवढा एक गेम घेतला की करंडक त्यांचा. अॅक्सचं काम सरळ आहे: ब्लिंक डॅगरने शत्रूंच्या मधोमध उडी घ्यायची आणि त्यांना काही क्षण फक्त आपल्यावरच वार करायला भाग पाडायचं. तेवढ्या वेळात ते ना पळू शकत, ना जादू वापरू शकत. उडी अर्धा सेकंद आधी पडली तर एकच जण सापडतो, उशिरा पडली तर आपला कॅरी मेलेला असतो. सेबच्या उड्या बरोबर वेळेवर पडल्या. 'कमबॅक' असा एक शब्द टाकून तू पुढे गेलायस. तिथे ही यंत्रणा लिही.

बायबॅकवरही दोन ओळी हव्यात. मेलेला हिरो सोनं मोजून लगेच जिवंत करता येतो, पण एकदा वापरल्यावर सध्याच्या नियमाने ८ मिनिटं तो पुन्हा मिळत नाही. बहुतेक संघ तो शेवटच्या बचावासाठी राखतात. ओजीची ख्याती उलटी. मागे पडलेले असतानाच बायबॅक करून चालू लढाईत परत यायचं आणि ती जिंकून नकाशा हिसकावायचा. यात काय बिघडतं? ती लढाई हरली तर पुढची ८ मिनिटं तुमच्याकडे दुसरा जीव नाही आणि सोनंही नाही. म्हणून त्यांची नक्कल करणारे बरेच संघ हरले. ओजीकडे निर्णय पाच जण एकाच क्षणी घेत. चारांनी बायबॅक केला आणि पाचवा विचार करत बसला की पैसे पाण्यात.

टीआय ८ आणि टीआय ९ यांच्या मधे ओजीने एकही मेजर जिंकली नाही. अना पुन्हा विश्रांतीवर, त्याच्या जागी दुसरे खेळाडू, निकाल यथातथाच. मार्च २०१९ च्या सुमारास तो परतला. ऑगस्टमध्ये शांघायला त्यांनी गटात १६ पैकी १४ गेम जिंकले, वरच्या फळीच्या शेवटी पुन्हा एलजीडीला २-१ ने मागे टाकलं, आणि अंतिम सामन्यात लिक्विडला ३-१ ने, तेही पहिला गेम हरून. समोर मिरॅकल होता, फ्रँकफर्ट आणि मनिला ज्याच्याबरोबर जिंकली तोच. तक्त्यात ही ओळ तुला आपोआप सापडेल, जर तू खेळाडूंची नावं लिहिलीस तर.

त्या स्पर्धेतला अनाचा आयो समजावून सांगायला सोपा नाही, पण सोडू नकोस. आयो हा सपोर्टला खेळायचा हिरो: सोबत्याला दोरीसारखा जोडला जातो, त्याला बरं करतो, आणि त्याच्यासह नकाशावर कुठेही जाऊन १२ सेकंदांनी मूळ जागी परततो. ओजी तोच कॅरीला देत. ड्राफ्टमध्ये आयो दिसला की समोरच्याला कळत नसे की हा पोझिशन ४-५ चा आहे की १ चा. तोड काढायची तर कशावर? अंतिम सामन्याच्या शेवटच्या गेमलाही अनाने आयोच घेतला. तरी लेखात 'आयो म्हणजे जादूची किल्ली' असं लिहू नकोस. ते ७.२२ पॅचवर (गेमच्या त्या आवृत्तीवर) चाललं. टीआय ८ हे ७.१९ वर होतं. पॅचचा क्रमांक नसलेला विजय अर्धवट नोंदलेला असतो.

चॅट व्हीलवरून (गेममधल्या तयार संदेशांतून) समोरच्याला डिवचण्याची त्यांची खोडही लिही हवं तर, पण एका वाक्यात. पोरांना तेवढंच आठवतं.

पुढचं भराभर घे. जानेवारी २०२० मध्ये जेरॅक्स निवृत्त झाला आणि तो पाचांचा संघ संपला. सुमेल, साक्सा, मिडवन आले. कोरोनामुळे टीआय १० वर्षभर पुढे गेली. ती २०२१ मध्ये बुखारेस्टला झाली, तेव्हा सुमेल, टॉपसन, सेब, साक्सा आणि नोटेल खेळत होते, आणि त्यांना बाहेर काढलं स्पिरिटने, जे पुढे जिंकले. नोव्हेंबरमध्ये ओजीने सगळीच नवी पोरं घेतली: युरागी, बीझेडएम, एटीएफ, तायगा, मीशा. या संघाने मे २०२२ मध्ये स्टॉकहोम मेजर जिंकली, अंतिम सामन्यात टीएसएमला हरवून. व्हिसाच्या अडचणीने मीशा जाऊ शकला नाही आणि त्याच्या जागी सेब खेळला. ही ओळ 'नवी पिढी' आणि 'जुनी पिढी' यांपैकी कुठल्या रकान्यात टाकायची हा प्रश्न तुला पडेलच. चार आणि एक असं लिही.

ओजीने २०१९ च्या अखेरीस काउंटर-स्ट्राइकचा संघही उभा केला, अलेक्सिबच्या कप्तानीखाली. तो या तक्त्यात मिसळू नकोस. खेळ वेगळा, माणसं वेगळी. फक्त जर्सीवरचं चिन्ह तेच.

शेवटचा रकाना बक्षिसाचा. चार मेजर मिळून ४२,२०,००० डॉलर. टीआय ८ चे १,१२,३४,१५८ आणि टीआय ९ चे १,५६,२०,१८१, मिळून २,६८,५४,३३९. आलेख काढलास तर २०१८-१९ च्या दोन काठ्या आभाळाला भिडतील आणि स्टॉकहोम दिसणारही नाही, कारण तिथे एकूण रक्कमच ५,००,००० होती. याचं कारण खेळात नाही. टीआयमध्ये डोटा २ बनवणारी वाल्व्ह कंपनी १६ लाख डॉलर टाकायची आणि बॅटल पासच्या (गेममध्ये खेळणाऱ्यांनी विकत घ्यायच्या पासच्या) विक्रीतले २५ टक्के वर मिळवायची. टीआय ९ ची एकूण रक्कम ३,४३,३०,०६८ होती, म्हणजे विक्री सुमारे १३ कोटी डॉलरची. २०२३ पासून तो बॅटल पास नाही, आणि त्या वर्षीची टीआय ३० लाखांच्या थोडी वर राहिली. तेव्हा डॉलरवरून संघांची तुलना करायची असेल तर त्या स्पर्धेच्या एकूण रकमेतला वाटा टक्क्यांत लिही. टीआय ८ चा ४४, टीआय ९ चा ४५.५.

मुंबईचा उल्लेख हवाच असेल तर एप्रिल २०१९ मध्ये एनएससीआय डोममध्ये डोटा २ ची ईएसएल वन ही स्पर्धा झाली होती, तेवढं लिही. ओजीशी तिची गाठ ओढूनताणून घालू नकोस.

आता तक्ता असा कर: तारीख, स्पर्धा, पॅच, पोझिशन १ ते ५ ची नावं, प्रशिक्षक, प्रवेश थेट की पात्रता फेरीतून, अंतिम सामन्याचा गुणफलक, रकमेतला टक्का. रांगा सातच होतील: चार मेजर, दोन टीआय, एक स्टॉकहोम. छपाईला आडवं पान माग, उभ्यावर बसणार नाही. रविवारपर्यंत पाठवलास तर सोमवारी तपासून देते.

तुझी,
आई