दिवसभर काय करायचं तिथे?

लीड्स, नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि मग आईलाच दोन्हीकडचं बोलावं लागतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय. बाबा, आईला तुम्हीच वाचून दाखवा.

"तिथे येऊन दिवसभर करायचं काय? तुम्ही दोघं कामावर, चिऊ शाळेत," असं आई म्हणाली. तेव्हापासून मी याच विचारात आहे. फिरणं होईलच, पण इथला पाऊस रोज बाहेर पडू देईलच असं नाही. परवा रजा होती. सकाळपासून टीव्हीवर बीबीसी वन लावलं आणि तुम्ही दोघं शेजारी बसला आहात असं धरून रात्रीपर्यंत बघत राहिले.

सकाळी सहापासून बातम्या आणि दर थोड्या वेळाने हवामान. हा कार्यक्रम मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्डहून होतो. मग तब्येतीच्या गोष्टी, स्वयंपाक, फसवणुकीचे फोन कसे ओळखायचे, असं सगळं. त्यानंतर 'होम्स अंडर द हॅमर', म्हणजे लिलावात घेतलेली पडकी घरं. घर घेतलं तेव्हा कसं होतं, कुठली भिंत पाडली, ओल कुठून येत होती, किती खर्च आला, आता किंमत काय येईल, हे सगळं दाखवतात. २००३ पासून चालू आहे. आई, आपलं घर बांधताना तू गवंड्यांच्या मागे उभी राहून एकेक थर बघायचीस. तुला यातलं इंग्रजी कळलं नाही तरी काही अडणार नाही.

पण तुझा खरा कार्यक्रम दुपारचा, 'बार्गेन हंट'. लाल आणि निळा असे दोन संघ, प्रत्येकात दोघं, बहुतेकदा नवरा-बायको नाहीतर मायलेकी. जुन्या वस्तूंच्या बाजारात त्यांना ३०० पौंड आणि एक तास देतात. तेवढ्यात तीन वस्तू घ्यायच्या आणि मग त्याच लिलावात विकायच्या. ज्याला जास्त फायदा, तो जिंकला. परवा एका बाईंनी पितळी घंगाळासारखं भांडं हातात घेतलं, उलटं करून तळ बघितला, नखाने टिचकी मारली आणि अर्ध्या किमतीला मागितलं. अगदी गणपती पेठेतली तू! लिलावात मात्र ते पडेल भावाने गेलं. तरी दोघी हसत होत्या. बऱ्याच जणांचा तोटाच होतो आणि तरी कोणी तोंड पाडत नाही, हे मला फार आवडतं.

दुपारच्या बातम्या आणि खेड्यात घर शोधणाऱ्यांचा कार्यक्रम झोप काढत बघायचे. सव्वापाचला मात्र बाबांनी उठायचं. 'पॉइंटलेस' नावाची प्रश्नमंजूषा असते. एकेक प्रश्न आधीच शंभर लोकांना विचारून ठेवलेला असतो. तुमचं उत्तर बरोबर तर हवंच, पण त्या शंभरांतल्या कमीत कमी लोकांना सुचलेलं हवं. कोणालाच सुचलं नसेल तर शून्य गुण, आणि शून्य म्हणजे सगळ्यात उत्तम. आफ्रिकेतले देश, नद्या, राजधान्या असे प्रश्न येतात. बाबा, तुम्ही आयुष्यभर भूगोल शिकवलात. नकाशावर बोट न ठेवता देश सांगायला लावायचात आम्हाला. इथे तुमच्याशी कोणी टिकणार नाही.

आता मुख्य गोष्ट. आई म्हणते, बाबांना हल्ली टीव्ही नको असतो. मला ते खरं वाटत नाही. तिकडे मध्येच जाहिराती लागतात, आवाज एकदम चढतो, कानातलं यंत्र कर्कश वाजतं आणि बाबा उठून जातात. बोलणं कळत नसेल तर माणूस बसणार तरी किती वेळ? इथे बीबीसीवर जाहिराती नाहीत. त्यासाठी आम्ही २०२५ मध्ये घरटी वर्षाचे १७४.५० पौंड भरले. आणि २००८ पासून यांच्या मुख्य चॅनेलांवर सगळ्या कार्यक्रमांना अक्षरं असतात. रिमोटवरचं एक बटण दाबलं की खाली ओळी यायला लागतात. एक जण बोलतो ते पांढऱ्यात, दुसरा पिवळ्यात, तिसरा निळसर, चौथा हिरव्यात, म्हणजे पाठमोरा माणूस बोलला तरी कोण बोललं ते कळतं. दार आपटलं, फोन वाजला, तर तेही लिहून येतं. थेट बातम्यांत बरेचदा एक माणूस निवेदकाचं बोलणं ऐकून तेच स्पष्ट उच्चारात संगणकाला सांगत असतो आणि त्यावरून ओळी उमटतात. त्यामुळे त्या काही सेकंद मागे पडतात, एखादा शब्द चुकतोही. पण बाबांचं इंग्रजी वाचन माझ्यापेक्षा चांगलं आहे, त्यांना चूक लगेच कळेल.

परवा संध्याकाळी मी आवाज पूर्ण बंद करून 'ईस्टएंडर्स' पाहिलं. लंडनमधल्या एका काल्पनिक चौकातल्या घरांची ही मालिका १९८५ पासून चालू आहे. भांडण, रुसवा, कोण खोटं बोलतंय, सगळं कळलं. शेजारी बसून आईला मराठीत कोणी सांगायचं, तर बाबांनीच. इतकी वर्षं त्यांच्यासाठी आई सांगत आली, आता थोडं उलट होऊ दे.

रविवारी शेतकऱ्यांसाठी आठवड्याचं हवामान सांगणारा 'कंट्रीफाइल' असतो. 'आमची माती आमची माणसं' तुम्ही शेती नसतानाही न चुकवता बघायचात, तसा हाही बघाल.

मे महिन्यात या. तेव्हा उजेड उशिरापर्यंत असतो आणि थंडीही सोसवेल. बाबांच्या कानाचा शेवटचा रिपोर्ट फोटो काढून पाठवा आणि यंत्राला कुठल्या नंबरची बॅटरी लागते तेही कळवा, मी इथे आणून ठेवते. आईच्या पासपोर्टची मुदत कधी संपते तेवढं बघून सांगा, म्हणजे व्हिसाचा अर्ज भरायला घेते.

तुमची,
मनू