नात मध्येच उकिडवी बसायची

महोदय,
माझी नात अंगणवाडीत असताना दोन पावलं पळाली, की मध्येच उकिडवी बसायची. ओठ, नखं जांभळी. 'अशक्तपणा आहे, टॉनिक द्या,' असं एका दवाखान्यात सांगितलं आणि आम्ही वर्षभर ते पाजत राहिलो.

अंगणवाडीत तपासणीला आलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या डॉक्टरबाईंनी मात्र स्टेथोस्कोप लावताच शंका घेतली. इको (हृदयाची सोनोग्राफी) केल्यावर कळलं, फॅलोट्स टेट्रालॉजी, म्हणजे हृदयातला जन्मजात दोष. हृदयातून फुफ्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, शिवाय हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक. म्हणून अशुद्ध रक्त शुद्ध रक्तात मिसळून अंगभर फिरतं. उकिडवं बसलं, की थोडं जास्त रक्त फुफ्फुसाकडे वळतं. पोरीला हे कुणी शिकवलं होतं!

शस्त्रक्रियेत हृदय-फुफ्फुसाचं काम तेवढ्यापुरतं करणाऱ्या हार्ट-लंग मशिनवर ठेवून भोक बुजवलं, वाट रुंद केली. 1954 साली ही शस्त्रक्रिया प्रथम झाली तेव्हा मशिनऐवजी मुलाचं रक्ताभिसरण दुसऱ्या माणसाशी जोडलं होतं म्हणे.

अंगणवाडीत ही तपासणी वर्षातून दोनदा असते. पण द्राक्षछाटणीच्या दिवसांत निम्मी पोरं आईबरोबर बागेत असतात. तपासणीची तारीख आठवडाभर आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, गावात दवंडी दिली तर आणखी उत्तम.

– एक आजोबा, तासगाव (जि. सांगली)